शब्दांतील आघात

परवां हिवरखेडास घरीं नातू इंग्रजी धडा मोठ्यानें वाचीत होता. ‘डेव्हलप’ हा शब्द त्यानें पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला. खरा आघात दुसऱ्यावर : ‘डिव्हेलप’. त्यास दोष काय द्यावा? तीस वर्षें वर्गांत आम्हींच तसें शिकविलें. शब्द देवनागरींत लिहून देत असूं, आणि देवनागरी प्रत्येक अक्षरास सारखा मान देते. इंग्रजी एकावर जोर देऊन शेजारचे स्वर गिळते. ‘फोटोग्राफ’मध्यें आघात पहिल्यावर, ‘फटॉग्रफी’मध्यें दुसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद, ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंदणें.

स्वराचें स्थान चुकल्यास अर्थ फिरतो, हें वाचकांस नवें नाहीं. महाभाष्यांत उल्लेखिलेला ‘इन्द्रशत्रु’ आठवावा. त्वष्ट्याच्या यज्ञांत अन्त्य अक्षरावरचा उदात्त पहिल्यावर गेला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, ‘इंद्राचा मारेकरी’ हवा होता तेथें ‘ज्याचा मारेकरी इंद्र’ असा वृत्र जन्मला. (वेदांत स्वर चढतो, इंग्रजींत जोर पडतो, एवढा भेद.) ही कथा आम्ही संस्कृतच्या तासास रंगवून सांगत होतों आणि पुढच्या इंग्रजीच्या तासास विसरत होतों!

कोशांत आघाताच्या अक्षरापूर्वीं बारीक उभी रेघ असते. आतां रोज दिवेलागणीस दहा शब्द काढतों. पांच नातू म्हणतो, पांच आम्ही.