'पारंपरिक' नावाचा सालोमालो

मैफलीत, कीर्तनात किंवा जलशात बसून गाणे टिपून घेणारा श्रोता हा चोर असतो, हे मत अलीकडे इतके रुळले आहे की ते मत आहे याचाही विसर पडावा. दुसऱ्या बाजूला, संगीत हे वाहते पाणी आहे, त्याला बांध घालू नये, असे म्हणणारा वर्गही आहे. तो दुसऱ्याचे गाणे उचलतो आणि चित्रफितीच्या कोपऱ्यात आपल्या वाहिनीचा शिक्का मारतो. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही 'प्रत काढली की नाही' एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की प्रत काढणे हा मूळ अपराध नव्हे, नाव पुसणे हा आहे. हे समजायला मराठी माणसाला कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी तुकोबांची गाथा उघडता येईल.

गाथेत सालोमालोविषयीचे अभंग आहेत. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटाने सालोमालोला खलनायक करून घरोघर पोचवले, त्यामुळे तो एक गमतीदार पात्र होऊन बसला. पण त्या अभंगांतील तक्रार नीट वाचावी. आपले अभंग कुणी गाऊ नयेत, उतरून घेऊ नयेत असे तुकोबा कुठेच म्हणत नाहीत. टाळकऱ्यांनी ते पाठ केले, वह्यांत उतरवले, म्हणून तर ते उरले. तुकोबांचा संताप आहे तो दुसऱ्याच्या वचनांची मोडतोड करून त्यावर आपली मुद्रा लावणाऱ्यावर. मराठीतला हा कदाचित सर्वांत जुना स्वामित्वहक्काचा वाद, आणि त्यातला वादी आपल्या रचनेच्या प्रसाराविरुद्ध बोलत नाही, अपहाराविरुद्ध बोलतो.

नाममुद्रेकडे आपण छंदशास्त्रातील किंवा संप्रदायातील एक संकेत म्हणून पाहतो. ती त्याहून अधिक काही आहे. मौखिक परंपरेत रचना तोंडातोंडी फिरणार, पाठभेद होणार, चाल बदलणार हे गृहीतच असते. या सगळ्या बदलांतून कर्त्याचे नाव टिकावे म्हणून ते रचनेच्या पोटातच विणले गेले. 'तुका म्हणे'पासून तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांतील 'तुकड्या'पर्यंत हीच व्यवस्था चालत आली आहे. वामनदादा कर्डकांच्या गीतांतही शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. मुद्रा नसलेल्या रचनेचे काय होते हेही आपण पाहिले आहे. त्याच प्रभातपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला बीज आणि वृक्षाचा अभंग इतका जमून गेला की जाणकारांनीही तो तुकोबांचाच मानला. आठवल्यांच्या दृष्टीने हा मोठाच गौरव, पण त्या गौरवात कवी हरवला.

आता कायद्याकडे वळू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची जी व्याख्या होती, तिच्यात स्वररचना लेखनात अथवा स्वरलिपीत उतरलेली असणे आवश्यक होते. म्हणजे ज्या देशात संगीत गळ्यातून गळ्यात जाते, त्या देशाने कागदावर उतरलेले तेवढेच संगीत मानले. गाणाऱ्याला तर कसलाच हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताच्या एका गाजलेल्या प्रकरणात निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदवली होती. ही व्याख्या बदलायला आणि कलावंताला 'सादरकर्ता' म्हणून हक्क मिळायला १९९४ची दुरुस्ती यावी लागली.

या तारखेचा अर्थ विदर्भातल्या वाचकाने लक्षात घ्यावा. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आणि कॅसेट खेडोपाडी पोचली ती १९८०च्या दशकात. भजन, भारूड, भीमगीते, कव्वालीचे सामने यांच्या कॅसेटी याच काळात एस. टी. स्टँडवरच्या टपऱ्यांतून विकल्या गेल्या. म्हणजे लोकगायकाचा आवाज जेव्हा पहिल्यांदा बाजारात मोठ्या प्रमाणावर आला, नेमका तेव्हाच त्या आवाजावर गायकाचा कायदेशीर हक्क शून्य होता. ठरलेली बिदागी हातात पडली की व्यवहार संपला. आज त्याच ध्वनिमुद्रणांच्या नावाने दावे ठोकणाऱ्यांनी 'कलावंताचे हित' हा शब्दप्रयोग जपून करावा.

आजचा कायदा मात्र त्याच्या रखवालदारांपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. त्यात 'सादरकर्ता' कोण याची यादी दिली आहे. गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तीत डोंबारी आहे, जादूगार आहे, गारुडी आहे आणि व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे तासाला उभा राहणारा प्राध्यापक आणि पुंगी वाजवणारा गारुडी यांना कायद्याने एका पंगतीत बसवले, हे आपल्या वर्गाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. या व्याख्येत 'सादरीकरण' म्हणजे प्रत्यक्ष, जिवंत सादरीकरण. त्यावरील हक्क पुढील ५० वर्षे राहतो. २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८-ख आले आणि सादरकर्त्याला आपल्या नावाने ओळखले जाण्याचा व आपल्या सादरीकरणाच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क मिळाला. हा मुद्रेचाच हक्क. तुकोबांनी मागितला तोच. याच कायद्याचे कलम ३९ सांगते की स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन अथवा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा हक्कभंग नाही. टिपून घेणे आणि टिपलेले विकणे यांत कायद्याने रेघ ओढलेली आहे. ती रेघ पुसून श्रोत्याला आणि विक्रेत्याला एकाच पिंजऱ्यात उभे करणे हा अडाणीपणा आहे, किंवा लबाडी.

२०२२च्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यातील एका कीर्तनात इंदुरीकर महाराजांनी यूट्यूबवाल्यांना बोल लावले. आपल्या कीर्तनाच्या फिती टाकून हजारो लोक पैसेवाले झाले, अशी त्यांची तक्रार होती. तिच्या जोडीला आलेल्या शापवाणीवर गदारोळ उठला आणि तो उठायलाच हवा होता. पण त्या गदारोळात मूळ तक्रार वाहून गेली. महाराजांच्या अनेक मतांशी आमचा कडाडून विरोध आहे. तरीही सादरकर्ता म्हणून त्यांची ही तक्रार कायद्याला धरून होती. चुकतो तो उपाय. मंडपातले सगळेच मोबाइल बंद करायला लावणे हा तो उपाय नव्हे. कीर्तनात श्रोता हा सादरीकरणाचा भाग असतो आणि बोललेल्या शब्दाचा साक्षीदारही असतो. व्यासपीठावरून काय बोलले गेले याचा वाद कोर्टापर्यंत जातो अशा काळात तर श्रोत्याचा हा हक्क अधिकच जपायला हवा. बंदी हवी ती परस्पर कमाईवर.

आता सध्याच्या काळातल्या सूक्ष्म चोरीकडे पाहू. वामनदादांचे गीत एखादा गायक चौदा एप्रिलच्या रात्री चौकात तन्मयतेने गातो. दुसऱ्या दिवशी त्यातला अर्ध्या मिनिटाचा मुखडा हजार मोबाइलवर फिरतो. मुखडा तेवढा उचलला जातो. शेवटचे कडवे कापले जाते, आणि त्या कडव्यातच 'वामन' असतो. कुणी ठरवून नाव पुसले असे नाही, नुसती कात्री चालली. पण मुद्रा शेवटी ठेवणाऱ्या परंपरेत शेवट कापणे म्हणजे सही कापणे. वामनदादांचे निधन २००४ साली झाले, त्यामुळे त्यांच्या गीतांवरील स्वामित्वहक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कायद्याने इतकी वर्षे राखून ठेवलेले नाव कात्रीच्या एका फटक्यात जाते, आणि या फितीखाली मग एक शब्द येऊन बसतो: 'पारंपरिक'.

हा शब्द आजचा सालोमालो आहे. वाशीम जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या परिसरातील तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. लेंगीचे वळण जुने, पण दर होळीला कुणीतरी नवे शब्द जुळवतो, ताज्या घटना तीत ओवतो. तो माणूस तांड्यात सर्वांना ठाऊक असतो. तांड्याबाहेर पडताच ती लेंगी 'पारंपरिक' होते. शहरातला संगीतकार तिच्यावर ठेका चढवतो, 'शब्द : पारंपरिक, संगीत : अमुक' अशी नोंद करतो, आणि त्या ध्वनिमुद्रणाची मालकी कायदेशीररीत्या मिळवतो. पुढे तांड्यातल्या पोराने आपल्याच आजोबांचा आवाज महाजालावर चढवला, तर चाल जुळल्याचे सांगत यंत्र त्यालाच दावा पाठवू शकते. यंत्राला कर्ता कळत नाही, नोंदणी करणारा तेवढा कळतो. 'पारंपरिक' म्हणजे 'कुणाचेही नाही', आणि कुणाचेही नाही ते पहिल्या नोंद करणाऱ्याचे, असा हा सरळ हिशेब आहे.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. रॉक संगीताच्या रसिकांनी हा वाद साठ वर्षे लढवला आहे, आणि २०१६ साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाल्यापासून ते रसिक साहित्य विभागांनाही परके राहिलेले नाहीत. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटार हाती घेतलेल्या डिलनला एका श्रोत्याने 'ज्यूडास' असे ओरडून हाक मारली. तो कार्यक्रम चोरट्या तबकड्यांवरून जगभर फिरला, तोही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या चुकीच्या नावाने. कंपनीने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला १९९८ साली. मधली तीन दशके तो रसिकांनी जिवंत ठेवला. आज त्या ध्वनिमुद्रणाचे महत्त्व सांगताना ती शिवी वगळता येत नाही. जिवंत मुद्रणाचे मोल हेच: त्यात गायक असतो, त्याच्यासमोरचा समाजही असतो. आपल्याकडच्या जुन्या मैफलींच्या फितींत 'क्या बात है' ऐकू येते, मध्येच कपबशा वाजतात, तेव्हा तेही संहितेचाच भाग म्हणून ऐकावे.

ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाने तर १९८४पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट एक: विकायचे नाही, वाटायचे. २००५ साली याच वृंदाने महाजालावरील संग्रहातून मुद्रणे उतरवून घेणे बंद करवले, तेव्हा रसिकांच्या निषेधापुढे त्यांना बरीच माघार घ्यावी लागली. याउलट कंपन्यांची वृत्ती पाहा. युरोपीय कायद्यात पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणांचे संरक्षण संपत होते. म्हणून २०१२ साली सोनीने डिलनची १९६२ची अप्रकाशित मुद्रणे सुमारे शंभर प्रतींत प्रसिद्ध केली, आणि संचाच्या नावातच 'कॉपीराइट एक्स्टेन्शन' असे लिहून टाकले. ऐकणाऱ्यांसाठी नव्हे, कुलूप लावण्यासाठी केलेले हे प्रकाशन.

कुणी म्हणेल, मग कलावंताच्या पोटाचे काय? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की कमाई होते तिथे वाटा मिळालाच पाहिजे, आणि कलावंताने 'आज टिपू नका' म्हटले तर ते मानलेच पाहिजे. गाण्याची बैठक कधी जमत नाही, गळा साथ देत नाही. तो क्षण कायमचा टांगून ठेवण्याचा अधिकार श्रोत्याला नाही. अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे तबकडीवर आले नाही. त्याची हळहळ वाटते, पण न टिपले जाण्याचा हक्क हाही हक्कच आहे. मात्र हा हक्क कलावंताचा. कलावंताच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने दावा सांगणाऱ्या, आणि त्याच्या घरी एक दमडीही न पोचवणाऱ्या मध्यस्थाचा तो नव्हे.

शेवटी बोट आपल्याकडे वळवणे भाग आहे. 'पारंपरिक' हा शब्द कंपन्यांना कुणी शिकवला? लोकसाहित्याच्या अभ्यासाने. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, ते समूहमनाची निर्मिती असते, ही व्याख्या आपण वर्षानुवर्षे वर्गात उतरवून देत आलो. बहुतेक संकलनांत गीत छापलेले असते, संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते, आणि जिने ते गायले ती बाई कुठेच नसते. संकलक प्राध्यापकाला पदवी मिळते, गाणारीला प्रस्तावनेत 'एक वृद्ध निरक्षर स्त्री' एवढीच जागा. हाही सालोमालोच, विद्यापीठाच्या मान्यतेचा.

वेगळे करता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात हाती घेतलेल्या प्रकल्पातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांच्या व गावांच्या नावांसह नोंदल्या गेल्या. २०१७पासून 'परी' या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणल्या. ओवी कुणालाही ऐकता येते आणि ती कुणाची हेही कळते. मुक्त प्रसार आणि नाव या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या बायांच्या नावांनी सिद्ध केले आहे.

आपल्या जिल्ह्यातील घराघरांत, भजनी मंडळांच्या पेट्यांत, बुद्धविहारांच्या कपाटांत शेकडो कॅसेटी पडून आहेत. उन्हाने, धुळीने, बुरशीने त्या मरत आहेत, आणि स्वामित्वहक्काच्या अर्धवट भीतीने त्यांना कुणी हात लावत नाही. कलम ३९ने अध्यापक-संशोधकांना दिलेली मोकळीक वापरून मराठी विभागांनी ध्वनिमुद्रणाचे काम उचलावे, हयात गायकांची आणि दिवंगतांच्या घरच्यांची लेखी संमती घेऊन जुन्या फितींच्या प्रती कराव्यात, आणि प्रत्येक प्रतीवर गायक, रचनाकार, साथीदार, गाव व तारीख लिहावी. नाव सापडत नसेल तर 'नाव शोधले, सापडले नाही' असे लिहावे. 'पारंपरिक' लिहू नये. एका एम. ए.च्या वर्गाने दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत एक तालुका पालथा घातला तरी पुष्कळ होईल. गाणारी माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांची नावे सांगू शकणारी माणसेही तितक्याच वयाची आहेत.