हरेल त्याच्यावर टेबल

कल्याण-डोंबिवलीत 'पूल' म्हटलं की लोकांना आधी पत्री पूल आठवतो, मग कोपर पूल. मी बोलतोय तो वेगळा पूल: सहा पॉकेट्स, पंधरा रंगीत बॉल, एक पांढरा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्या ना कुठल्या गाळ्यात किंवा तळघरात हे टेबल तासावर मिळतं. कॉलेजात लेक्चर बुडवून खेळलेली आणि मग नोकरी नि लोकलमध्ये अडकलेली आमची पिढी आता पुन्हा तिकडे वळतेय. मीही त्यातलाच एक.

परत आलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच असते, "गेम सुधारतच नाही यार." मग कुणी स्वतःचा क्यू विकत घेतो, कुणी रात्रभर ट्रिक शॉटचे रील बघतो. माझ्या मते गेम अडलाय तो एका नियमामुळे, जो कुठल्याच नियमपुस्तकात नाही: हरेल त्याच्यावर टेबल.

हा नियम काय करतो बघा. कच्चा खेळाडू पैसे भरतो आणि बराच वेळ क्यूला चॉक लावत बाजूला उभा राहतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी शॉट मिळतात आणि बिलही त्याच्याच नावावर. चार शुक्रवार असे गेले की तो यायचा बंद होतो. आणि पक्का? तोही शिकत नाही. पैसे लागलेत म्हटल्यावर नवा शॉट कोण करून बघणार? जे येतं तेच तो मारत राहतो. पाच वर्षांनी भेटा, तेच शॉट, त्याच चुका.

मॅच खेळून गेम सुधारतो हा गैरसमज आपण क्रिकेटमध्ये ठेवत नाही. तिथे नेट असतं. गाण्यात रियाज असतो. पूलमध्ये मात्र थेट मैफल! एखादा अवघड शॉट फ्रेममध्ये एकदा येतो, हुकतो आणि निघून जातो. तोच शॉट त्याच जागेवरून वीस वेळा मारल्याशिवाय हात कसा बसणार? कोडमध्ये बग आला तर आपण तो पुन्हा पुन्हा घडवून बघतो, मगच कारण सापडतं. इथेही तेच.

सरावाला फार काही लागत नाही. पांढऱ्या बॉलच्या मध्याखाली थोडं मारून तो समोरच्या बॉलवर आदळताच जागीच थांबवायला शिका. तो स्पिनशिवाय घसरत जाऊन तिरका आदळला, तर जवळपास ९० अंशांत फुटतो. नैसर्गिकपणे गरगरत गेला आणि टक्कर फार पातळ किंवा फार भरीव नसली, तर मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. एवढं हातात बसलं की पुढच्या शॉटसाठी पांढरा कुठे जाईल हे आधीच दिसायला लागतं. खरा गेम तिथून सुरू होतो.

"अरे, आम्ही मजेसाठी खेळतो," असं कुणी म्हणेल. खेळा की! पण या नियमात मजा फक्त जिंकणाऱ्याची असते. पार्लरवाल्याला तासाचे पैसे मिळाल्याशी मतलब, ते कुणाच्या खिशातून आले याच्याशी नाही. उलट दुपारी रिकामी पडलेली टेबलं त्याने एकट्याने सराव करणाऱ्यांना स्वस्तात दिली, तर त्याचाही फायदाच आहे.

हे एवढं तावातावाने सांगायचं कारण आहे. क्यूचे खेळ आपल्याकडे परके नाहीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले जगज्जेते. मुंबईच्या मायकल फरेरांनी तोच किताब तीनदा जिंकला. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, पण घडला बंगळुरूला, कर्नाटक राज्य बिलियर्ड्स असोसिएशनच्या हॉलमध्ये, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. तिथे त्याला टेबल आणि गुरू दोन्ही मिळाले.

आपल्याकडे ही टेबलं वर्षानुवर्षं जिमखान्यांत होती आणि जिमखाना म्हणजे मेंबरशिप. आज स्टेशनवरून चालत येणारा कुणीही पोरगा, ओळख ना पाळख, क्यू हातात घेऊ शकतो. दार उघडलंय. आणि आपण त्याच दारात दंडाची पावती घेऊन उभे आहोत.

तेव्हा या शुक्रवारी दोनच गोष्टी करा. टेबलाचे पैसे अर्धे-अर्धे वाटून घ्या. आणि पहिला अर्धा तास स्कोअर न ठेवता दोघांनी आलटून पालटून एकच शॉट मारा. उरलेल्या वेळात हवं तेवढं भांडा. हरलात तरी शिकून घरी जाल.