तुम्ही तिथे नव्हता, म्हणून गप्प बसायचे?

१/ जुन्या रॉक अल्बमवर वाद रंगला की एक वाक्य हमखास येते: ‘तुम्ही तेव्हा रंगभवनात नव्हता, तुम्हाला काय कळणार?’ तरुण श्रोता ओशाळतो आणि वाद संपतो. आजचा धागा या वाक्याविरुद्ध आहे. तो मी ढाणकीहून लिहीत आहे. तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. येथून मुंबई शेकडो किलोमीटर दूर. परंतु घटनास्थळी नसणे हीच जर अपात्रता असेल, तर ढाणकीकरच काय, जगातील प्रत्येक इतिहासकार अपात्र ठरतो.

२/ प्रथम रंगभवनाविषयी. धोबी तलाव परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालयालगत असलेले हे खुले नाट्यगृह. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवामुळे ते रॉकप्रेमींचे तीर्थक्षेत्र झाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र राखण्याची तरतूद झाली आणि त्यानंतर तेथील रॉक मैफली थांबल्या. म्हणजे १९९५ साली गिरगावात जन्मलेला मुलगाही त्या मैफलींना मुकलाच. जन्मसाल आणि प्रवासभाडे यांनी ठरलेल्या योगायोगाला रसिकतेची कसोटी म्हणता येत नाही.

३/ आता मूळ वाद. मुंबईचा ‘पेंटाग्राम’ हा बँड १९९४ मध्ये स्थापन झाला. गायक विशाल दादलानी. पहिला अल्बम ‘वी आर नॉट लिसनिंग’ १९९६ चा, दुसरा ‘अप’ २००२ चा. पहिल्यात गिटारचे वजन, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक ध्वनी पुढे. चाहत्यांत दोन तट पडले. एका पक्षाच्या मते पहिला अस्सल आणि दुसरा भेसळीचा; दुसऱ्याच्या मते पहिला उमेदवारी आणि दुसरा स्वतःचा आवाज. पुढे विशाल-शेखर या जोडीला हिंदी चित्रपटसंगीतात मोठे यश मिळाले. ते यश डोळ्यांपुढे ठेवून २००२ च्या ध्वनीत तडजोडीच्या खुणा शोधणे म्हणजे शेवट ठाऊक असल्याच्या बळावर आरंभावर आरोप ठेवणे होय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी या खड्ड्यात पडू नये.

४/ ‘तिथे असणे’ निर्णायक नसते, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. ‘फेथ नो मोअर’ या बँडचा ‘द रिअल थिंग’ १९८९ मध्ये आला आणि १९९० मध्ये त्यातील ‘एपिक’ हे गीत अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचले. जून १९९२ मध्ये ‘एंजल डस्ट’ आला. निर्माता तोच, मॅट वॉलेस. पण घडण निराळी. आधीच्या अल्बमच्या वेळी गायक माइक पॅटन उशिरा आला होता आणि बहुतेक चाली तयार होत्या. या वेळी तो आरंभापासून घडणीत होता. गिटारवादक जिम मार्टिन यांना ही नवी दिशा रुचली नाही. १९९३ मध्ये ते बँडबाहेर पडले.

५/ येथे थांबून विचार करा. मार्टिन तर रंगभवनाहूनही आत, वाद्य हातात घेऊन उभे होते. त्याच अल्बमवर वाजवणाऱ्या सहकाऱ्यांचे मत नेमके उलट होते. खुद्द निर्मात्यांतच एकमत नसेल, तर ‘मी तिथे होतो’ एवढ्यावर निकाल कसा लागणार? साक्षीदाराची जबानी महत्त्वाची खरी, पण जबानी म्हणजे निकालपत्र नव्हे.

६/ आता थोडे आपल्या पिढीलाही. आपण तिसऱ्याच कोणाच्या खांद्यावरून बंदूक चालवतो. ‘केरँग!’ या ब्रिटिश नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वाधिक प्रभावी अल्बमच्या यादीत ‘एंजल डस्ट’ला पहिले स्थान दिले, मग ‘काळाने न्याय केला’ म्हणून आपण मोकळे होतो. काळ न्याय करत नाही. माणसे याद्या करतात. ती यादी २००३ च्या कानांचा पुरावा आहे. मधल्या दशकात कॉर्नसारख्या बँडनी ते कान बदलले होते. १९९२ मध्येही सगळे बहिरे नव्हते: अमेरिकेत खप आधीच्या अल्बमहून कमी झाला, पण ब्रिटनच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ‘तेव्हा कोणालाच कळला नाही’ ही दंतकथा आहे.

७/ असा वाद मराठी माणसाला नवा नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे यांनी त्यात पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला. ‘सौभद्र’च्या साकी-दिंडीवर वाढलेल्या कानांना तो नवा होता. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले: बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसले यांचा धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही, आणि कोण सरस ठरले हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो कशावर चालतो? आठवणी, चरित्रे, टीका आणि चाली यांच्यावर. शंभर वर्षांनंतर बोलणाऱ्या त्या रसिकांना कोणी ‘तुम्ही तिथे नव्हता’ म्हणून उठवून लावत नाही. मग रॉकच्या बाबतीतच हा सोवळेपणा कशासाठी?

८/ एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. स्वस्त इअरफोनमधून ढाणकीत ऐकलेला ढोल आणि भिंतीएवढ्या स्पीकरसमोर छातीवर आदळलेला ढोल एक नव्हे. त्या रात्री गर्दीने नवे गाणे कसे स्वीकारले, हे साक्षीदारच सांगू शकतो. ते त्याला विचारावे, लिहून घ्यावे, तारखेसह जपावे. मात्र त्या बदल्यात त्याने आपले कान आपल्याला उसने देऊ नयेत.

९/ माझा कौल स्पष्ट आहे: ‘द रिअल थिंग’पेक्षा ‘एंजल डस्ट’ श्रेष्ठ. कारण कानाला पडताळता येते. ‘मिडलाइफ क्रायसिस’च्या ठेक्यात सायमन आणि गारफंकल यांच्या ‘सिसिलिया’चा तुकडा पेरलेला आहे, शेवट ‘मिडनाइट काउबॉय’ या चित्रपटाच्या धुनीवर होतो. गिटारची मक्तेदारी मोडूनही वजन घटत नाही. मला खोडायचे असेल, तर गाण्यातली जागा दाखवून खोडा. माझे गाव विचारू नका. ते पहिल्याच परिच्छेदात सांगितले आहे.

१०/ तेव्हा पुढच्या वादात तीन प्रश्न विचारा. हा पुरावा कोणत्या सालचा? सांगणाऱ्याला तेव्हा पुढचे काय ठाऊक होते? आणि हे मत ऐकून झाले आहे की यादी वाचून? यांची उत्तरे देणारा श्रोता रंगभवनातला असो वा पैनगंगेच्या काठचा, त्याचे ऐकून घेतलेच पाहिजे.