पडदा बदलला, प्रश्न तोच

फळ्याशेजारी पडदे लागले, तरी शाळांतील विजेचा धडा अनेक ठिकाणी जुन्याच वाटेने चालला आहे. छापील स्वाध्यायपत्रिकेतील रिकाम्या जागा पडद्यावर आणल्या, बरोबर उत्तरापुढे हिरवी खूण उमटवली, की पत्रिका 'संवादी' झाली, असा समज रूढ होत आहे. गुण आपोआप मोजले जातात, शिक्षकांचा वेळ वाचतो; हे आकर्षण समजण्याजोगे आहे. परंतु वीज डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयी मुले स्वतःची उपपत्ती घेऊनच वर्गात येतात.

त्यांतील सर्वांत चिवट समजूत म्हणजे दिव्यातून जाताना विद्युतधारा 'खर्च' होते. एकसर जोडणीतील दोन सारख्या दिव्यांपैकी पहिला अधिक प्रकाशेल, असे अनेक मुले ठामपणे सांगतात. ओहमचे सूत्र तोंडपाठ असलेलीही. रिकामी जागा भरून घेणाऱ्या पत्रिकेच्या हाती ही चूक कधी लागतच नाही.

नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातील विद्युत परिपथाचा संच विनामूल्य आहे. त्यात ९ व्होल्टच्या बॅटरीला १० ओहमचा दिवा जोडला की ॲमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. तसाच दुसरा दिवा एकसर जोडल्यास ०.४५, समांतर जोडल्यास बॅटरीतून १.८. मापक दिव्याच्या अलीकडे लावा वा पलीकडे, आकडा तोच. मात्र हे नुसते दाखवून भागत नाही. मुलाने आधी अंदाज नोंदवावा, त्याशिवाय कळ दाबता येऊ नये, आणि अंदाज चुकला तर कारण स्वतःच्या शब्दांत लिहिण्यास जागा असावी. रचनेचे मर्म या क्रमात आहे. हलती चित्रे नंतरची.

'स्वतःचे शब्द' हा गोव्यात किरकोळ मुद्दा नव्हे. मराठी प्राथमिक शाळेतील मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जाते. त्याला कळलेले 'करंट' या शब्दापाशी अडू नये, यासाठी प्रश्न दोन्ही भाषांत असावेत आणि उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारले जावे. असे उत्तर शिक्षकालाच वाचावे लागेल, हे खरे.

पडद्यालाही मर्यादा आहेत. तिथली बॅटरी उतरत नाही, तार सैल होत नाही; शॉर्टसर्किटच्या ज्वाळा मात्र निर्धोकपणे पाहता येतात. म्हणून पत्रिकेचे शेवटचे पान दीड व्होल्टचा सेल आणि टॉर्चचा दिवा हाती घ्यायला सांगणारे असावे. पावसाळ्यात वीज गेली, तर त्या तासाला तेवढेच पान उपयोगी पडेल.