काजूचे कारखाने आणि कीर्द-खतावणी

रत्नागिरी जिल्ह्यांत घरगुती काजू-कारखाना काढणारांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. परंतु त्यांतील एखादा बंद पडला म्हणजे दोष परदेशी बीला, बँकेला किंवा ग्रहमानाला देण्याचा प्रघात पडला आहे. आम्ही प्रथम चोपडी पाहूं इच्छितों.

समजा, मे महिन्यांत बी किलोला १५० रुपयांनीं घेतली. एक किलो गरास सुमारें चार किलो बी लागते. म्हणजे कच्चा माल ६०० रुपयांचा झाला. मजुरी, जळण व बांधणी ९० रुपये धरा. गर ७५० ला गेला कीं मालक ६० रुपये फायदा मोजून मोकळा होतो. पण हंगामांत घेतलेली बी वर्षभर पुरवावयाची असते. दिवाळीस विकलेल्या मालाचें भांडवल सहा महिने कोठारांत अडकलें. दरसाल शेंकडा १२ नें त्याचें व्याज ३६ रुपये. गिऱ्हाइकानें पुढें तीन महिने पैसे थकविले तर आणखी साडेबावीस. उरला दीड रुपया! यंत्राचा घसारा, तुकड्यास मिळणारा उणा भाव व मालकाची स्वतःची मजुरी अद्यापि धरलेलीच नाहीं. असा कारखाना चालू असतांच बुडालेला असतो. मालकास तें बँकेच्या नोटिशीनें कळतें, इतकेंच.

"आमचे सी. ए. आहेत ना," असें उत्तर मिळतें. ते कर भरण्यापुरता ताळेबंद करतात, तोही वर्ष संपल्यावर. उधारी द्यावी कीं नाहीं, हें गल्ल्यावर बसणारानेंच त्या क्षणीं ठरवावयाचें असतें. २००६ च्या कायद्यान्वयें नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचें येणें फार तर ४५ दिवसांत चुकतें करण्याचें बंधन घेणारावर आहे, व विलंबास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज आहे. परंतु माल कोणत्या तारखेस पोंचला हेंच ज्याच्या चोपडींत नाहीं, त्यानें दाद कशाच्या आधारावर मागावी?

ही विद्या परकी नव्हे. सावकारी पेढ्यांवर मोडींत रोजकीर्द लिहिली जात असे. आज जमाखर्च मोबाइलवर आला, पण घरखर्चाचे पैसे गल्ल्यांतून उचलण्याची चाल कांहीं गेली नाहीं. हिशेबानें भाव वाढत नाहीं कीं अवकाळी पाऊस थांबत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण पुढच्या हंगामांत बी किती घ्यावी, हें तरी त्यानेंच कळतें.

शहरांत गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाची वाणिज्यशाखा आहे. तिनें व व्यापाऱ्यांनीं मिळून पावसाळ्यांत सायंकाळीं मराठी वर्ग काढावा. शिकणारानें आपलीच चोपडी बरोबर आणावी. घरच्या बायकांस त्यांत प्रथम जागा द्यावी. पुष्कळ कारखान्यांत खरी व्यवस्था त्यांच्याच हातीं असते, चोपडी तेवढी नसते.