पाण्याखालचे पंधरा मीटर

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै २०२४ रोजी झालेल्या २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत दीडशे मीटरपर्यंत हंगेरीचा क्रिस्तोफ मिलाक आघाडीवर होता. शेवटच्या वळणावर फ्रान्सचा लिऑं मार्शां भिंतीला जोरदार रेटा देऊन पाण्याखाली गेला आणि वर आला तेव्हा मिलाकची आघाडी बरीच घटलेली होती. मार्शांने १ मिनिट ५१.२१ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, मिलाक ०.५४ सेकंदाने मागे राहिला.

यामागचे कारण साधे आहे. पृष्ठभागावर पोहणारा स्वतःच लाटा उठवतो आणि त्या उठवण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. थोडे खोल गेल्यास हा विरोध बराच कमी होतो. सूर मारताना वा भिंतीला रेटा देताना मिळालेला वेग हा प्रत्यक्ष पोहण्याच्या वेगापेक्षा अधिक असतो. शरीर ताठ ठेवून डॉल्फिन किकच्या साह्याने तो टिकवायचा असतो. मात्र तो पोहण्याच्या वेगाइतका उतरल्यावरही खाली रेंगाळणे हा निव्वळ तोटाच. शिवाय दमछाक झालेली असताना श्वासाची निकड बाजूला सारावी लागते. पहिल्या वळणावर हे अनेकांना जमते, शेवटच्या वळणावर फार थोड्यांना. मार्शांचे वेगळेपण नेमके तिथे आहे.

हे तंत्र नवे नव्हे. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचे तीसहून अधिक मीटर पाण्याखालूनच कापत असे. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र पाण्याखालून दीर्घ मजल मारणाऱ्या जपानच्या दाइची सुझुकीनेच त्याला हरवले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅकस्ट्रोकसाठी १० मीटरची मर्यादा घातली आणि १९९१मध्ये ती १५ मीटर केली. अटलांटात १९९६ साली रशियाच्या डेनिस पांक्रातोव्हने बटरफ्लायची दोन्ही सुवर्णपदके अशाच दीर्घ बुडीच्या बळावर पटकावली. १९९८मध्ये बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही तीच मर्यादा लागू झाली.

ही मर्यादा योग्यच होती, अन्यथा प्रेक्षकांना रिकामे पाणीच पाहावे लागले असते. तरीही ५० मीटरच्या तलावातील १०० मीटर शर्यतीत तीस मीटर आणि २५ मीटरच्या तलावात तब्बल साठ मीटर पाण्याखालून जाण्याची मुभा उरतेच. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. त्या शर्यतीत वळण नसले तरी सुरुवातीचे पंधरा मीटर म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश अंतर असते.

हे कौशल्य लहान वयातच शिकवले जावे, असे म्हणता येईल; पण देखरेखीविना नव्हे. भराभर खोल श्वास घेऊन वारंवार बुडी मारणाऱ्याची शुद्ध कोणतीही पूर्वसूचना न मिळता हरपू शकते. काठावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचे लक्ष त्या वेळी घड्याळाकडे नव्हे, तर पाण्याखालील मुलाकडे असावे लागते.