चवीला कसला आलाय विटाळ?

वस्तीतल्या बायकांबरोबर दारूच्या प्रश्नावर काम करणारी मी आज चक्क जपानच्या ‘साके’वर लिहितेय म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील. पण मैत्रिणींनो, मुद्दा पिण्याचा नाही, पारखण्याचा आहे.

साके म्हणजे ‘कोजी’ नावाची बुरशी वापरून आंबवलेली तांदळाची दारू. ‘जुनमाई’त वरून अल्कोहोल घालत नाहीत. तिची चव भरदार, भाताची आठवण देणारी. कोमट करूनही ती छान लागते. ‘गिंजो’साठी तांदूळ इतका घासतात, की दाणा ६० टक्के किंवा त्याहून कमी उरतो. ‘दायगिंजो’साठी तर ५० टक्के किंवा त्याहूनही कमी! या दोन्हींना फळांसारखा सुवास, म्हणून त्या सहसा गार देतात. पारखायचा पेला पांढरा, तळाशी निळी वर्तुळं. त्यावर साकेचा रंग आणि नितळपणा लगेच कळतो.

एवढी बारीक पारख असणाऱ्या या देशात कित्येक पिढ्या बाईला साकेच्या कारखान्यात पाऊल टाकायला मात्र बंदी! का, तर तिच्या विटाळानं साके नासेल. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे लोणचं नि पापड असेच ‘नासतात’.

आज हिरोशिमा प्रांतातल्या मिहो इमादा स्वतः ‘तोजी’, म्हणजे मुख्य कारागीर आहेत. २०२० साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव झळकलं. साके काही नासली नाही!

पेल्यातल्या निळ्या वर्तुळांना साके कुणी केली हे कळत नाही, ती कशी झालीय एवढंच कळतं. मग आपल्या लोणच्याच्या बरणीलाच बाईचे ‘चार दिवस’ कसे हो कळतात?